डोळ्यातला निचरा आणि चाळिशी ओलांडलेला कामगार

(कुंभकोणम येथील अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी प्रतिनिधींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कालपासून वेतन, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटी भरती या सगळ्यांवर आपण बोललो. आजचा जेवणाआधीचा तास आम्ही डोळ्यांसाठी मागून घेतला. कार्यक्रमपत्रिकेत विषयाचे नाव जरा भारदस्त छापले गेले आहे: ‘वाढते वय आणि डोळ्यातील द्रवाचा निचरा करणारी जाळी’. ते वाचून सोलापूरच्या एका प्रतिनिधीने सकाळी विचारले, “हा डॉक्टरांचा विषय झाला. यात युनियनचे काय काम?”

प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. संघटनेच्या आरोग्यविषयक कामात नेत्रतज्ज्ञांकडे सहकाऱ्यांना नेता नेता, त्यांना प्रश्न विचारता विचारता आणि थोडे वाचन करून जे कळले तेवढेच आम्ही सांगणार आहोत. यात युनियनचे काय काम, हेही बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल. आधी एक हकिकत ऐका.

शेवटची ओळ वाचणारा माणूस

आमचे एक सहकारी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. त्यांचा हात असा बसलेला की पत्त्यावर नजर पडेपर्यंत पत्र खणात गेलेले असायचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या वर्गीकरणात चुका निघू लागल्या, आणि त्याही खालच्या ओळीतल्या खणांत. वरिष्ठांनी मेमो दिला. सोबती म्हणाले, म्हातारा झाला. ते स्वतः म्हणाले, रात्रपाळीचा शीण आहे. पुढे जिना उतरताना शेवटची पायरी चुकू लागली. चष्मा बदलून पाहिला. डोळे तपासून घेतले, तर तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. ‘दृष्टी उत्तम’ असा शेरा मिळाला.

दोन वर्षांनी थैल्यांची हातगाडी ढकलताना पायाशी पडलेली थैली त्यांना दिसली नाही. त्यांचा खुबा मोडला. तेव्हा एका जाणत्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारे औषध घालून डोळ्याच्या आत पाहिले आणि सांगितले, की हा काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांची नस बरीचशी सुकली आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही. आमचे सहकारी पुन्हापुन्हा एकच वाक्य बोलत होते, “अहो, पण मी शेवटची ओळ वाचत होतो ना!”

बंधूंनो, आजच्या सगळ्या भाषणाचे सार त्या वाक्यात आहे. शेवटची ओळ वाचता येणे म्हणजे डोळे शाबूत असणे नव्हे.

तंजावरच्या राजाचे डोळ्यांचे दप्तर

आपण ज्या मुलखात बसलो आहोत तिथे मराठी माणसाचा आणि डोळ्यांच्या उपचाराचा जुना संबंध आहे. इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य स्थापन केले आणि त्याच घराण्यात दुसरे सरफोजीराजे झाले. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. राजसत्ता बरीचशी इंग्रजांच्या हाती गेली होती, पण या राजाने विद्येचे राज्य सांभाळले. धन्वंतरी महाल नावाची वैद्यकाची संस्था त्यांनी चालविली. ते स्वतः नेत्ररुग्ण पाहात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत भाग घेत. रुग्णांची टिपणे, सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे, असे दप्तर त्यांनी ठेविले. ते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहे आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केला आहे. आज दुपारच्या पंगतीत आपल्याला वाढणारी इथली कुटुंबे घरात अजून तंजावरी मराठी बोलतात, ती त्याच इतिहासामुळे.

राजाने डोळ्याचे चित्र काढून ठेवावे, रुग्णाची नोंद ठेवावी, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ज्याची नोंद नाही त्याचा इलाज नाही, हे आपण युनियनवाल्यांनाही पटणारे आहे. पण त्या दप्तरातल्या चित्रकाराला डोळ्याचा एक भाग दिसणे शक्यच नव्हते. सरफोजीराजे गेले त्याच्या दोनच वर्षे आधी, १८३० मध्ये, जर्मनीतल्या श्लेम नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने डोळ्याच्या कडेने गोल फिरणाऱ्या एका केसासारख्या बारीक नळीचे वर्णन केले. ती नळी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपला विषय त्या नळीच्या तोंडाशी आहे.

डोळ्यातला नळ आणि डोळ्यातली मोरी

डोळ्यातले पाणी म्हटले की आपल्याला अश्रू आठवतात. ते पाणी वेगळे. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात. आपण बोलतो आहोत ते डोळ्याच्या आतल्या पाण्याबद्दल. डोळ्याच्या पुढच्या भागात, रंगीत पडद्याच्या मागे, एक छोटी ग्रंथीसारखी कडा आहे. तिथे रक्तातून गाळून स्वच्छ पाणी तयार होते. ते बाहुलीतून पुढे येते. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला आणि आतल्या भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत, कारण रक्त तिथे आले तर दिसणारच नाही. त्यांना अन्न पोचवायचे आणि त्यांचा कचरा न्यायचा, हे काम या पाण्याचे. शिवाय हवा भरलेल्या फुटबॉलप्रमाणे डोळ्याचा गोल ताठ ठेवायचा तो याच पाण्याच्या दाबाने.

हे पाणी मिनिटाला जेमतेम अडीच मायक्रोलिटर तयार होते. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. चोवीस तासांचा हिशेब केला तर तीन-साडेतीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. पण नळ बंद होत नाही. रात्री थोडा मंदावतो एवढेच. दर दीड-दोन तासांनी डोळ्यातले पाणी जवळपास सगळे बदलते. मग जेवढे आत येते तेवढे बाहेर गेलेच पाहिजे.

ते जाते कुठून? पारदर्शक काच आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक जाळी आहे. डॉक्टर तिला ट्रॅबेक्युलर मेशवर्क म्हणतात. आपण तिला निचऱ्याची जाळी म्हणू. बारीक धाग्यांचे थरावर थर, आत जाता जाता छिद्रे लहान लहान होत जातात आणि पलीकडे श्लेमची ती गोल नळी. नळीतून बारीक वाहिन्या निघतात आणि पाणी पुन्हा रक्तात मिसळते. बहुतेक पाणी या वाटेने जाते. थोडे आजूबाजूच्या स्नायूंतून झिरपून जाते.

आता हे समजण्यासाठी कुंभकोणमसारखे गाव नाही. काल संध्याकाळी आपण महामहम तळ्यावर गेलो होतो. दर बारा वर्षांनी तिथे मोठे पर्वस्नान भरते. मागचे २०१६ मध्ये झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल. हे गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. गावात देवळोदेवळी तळी आहेत आणि पूर्वी नदीचे पाणी चरांतून तळ्यांत येई व दुसऱ्या चरांतून पुढे जाई. येणारा चर आणि जाणारा चर दोन्ही चालू असले तरच तळे निर्मळ. पुढे काही चरांत गाळ साचला, काहींवर बांधकामे झाली. कुठे तळे कोरडे पडले, कुठे पाणी कुजले.

कावेरीच्या खोऱ्यातला शेतकरी हे जाणतो. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडायची वहिवाट आहे आणि त्याआधी कालव्यांतला, चरांतला गाळ काढायचा असतो. गावकऱ्यांनी मिळून करायच्या या दुरुस्तीला इथे जुना शब्द आहे, ‘कुडिमरामत्तु’. कुडि म्हणजे रयत आणि मरामत म्हणजे आपल्या जुन्या दप्तरांतली तीच मरामत.

डोळ्यातल्या जाळीतही असे मरामत करणारे आहेत. जाळीच्या प्रत्येक धाग्यावर पेशींचे अस्तर असते. पाण्याबरोबर रंगाचे कण, मेलेल्या पेशींचे तुकडे, नाना प्रकारचा केर येतो. या पेशी तो केर गिळून टाकतात, धाग्यांच्या मधले जुने बांधकाम मोडून नवे करतात, दाब वाढला की वाट थोडी मोकळी करतात. जाळी म्हणजे मोरीवरची निर्जीव पत्र्याची चाळण नव्हे. ती जिवंत आहे, आणि तिच्या झाडूवाल्या तिच्यातच राहतात.

वय वाढते तेव्हा

दुर्दैव असे की या झाडूवाल्या पेशी कमी होत जातात आणि त्यांची रिकामी जागा सहसा भरली जात नाही. रिक्त पदे न भरण्याचे धोरण आपल्याला नवीन नाही! १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सन आणि हाउज यांच्या अभ्यासात हे मोजले गेले. विसाव्या वर्षी एका डोळ्याच्या जाळीत सुमारे साडेसात लाख पेशी, आणि ऐंशीव्या वर्षी सुमारे चार लाख. म्हणजे निम्म्याच्या जवळपास कर्मचारी गेले, काम मात्र तेवढेच राहिले.

मग काय होते? केर पूर्ण उचलला जात नाही. धाग्यांभोवती पदार्थ साचतो, धागे जाड होतात. काही ठिकाणी अस्तर उडाल्यामुळे शेजारचे दोन धागे एकमेकांना चिकटतात आणि मधली वाट बुजते. सगळी जाळी ताठर होते. तरुण जाळी दाबाप्रमाणे ताणली जाते, सैलावते. वयस्क जाळीला ते जमत नाही. सर्वांत अरुंद वाट श्लेमच्या नळीला लागून असलेल्या थरात, आणि अडथळाही तिथेच अधिक. नळी स्वतःही आकसते. स्नायूंतून झिरपून जाणारी दुसरी वाटही वयाबरोबर मंदावते.

हे ऐकून कोणी घाबरू नये. हे सगळे आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात होते आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा काही त्रास होणार नाही. कारण वयाबरोबर पाणी तयार होण्याचे प्रमाणही थोडे कमी होते. मोरी थोडी तुंबली तसा नळही थोडा बारीक झाला, की हिशेब जमतो. निसर्गाने केलेली ही तडजोड आहे.

काहींच्या बाबतीत मात्र ती तडजोड मोडते. जाळीची झीज इतरांहून अधिक होते, पाणी मागे तुंबते, दाब वाढतो. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर एवढा दाब सर्वसाधारण समजला जातो. वाढलेला दाब डोळ्याच्या मागच्या बाजूला, नस जिथून बाहेर पडते त्या नाजूक जागी बाधतो. दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात. हाच काचबिंदू. तमिळमध्ये या रोगाला ‘कण् नीर् अळुत्त नोय्’ म्हणतात, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याच्या दाबाचा रोग. आपल्या ‘काचबिंदू’पेक्षा तो शब्द जास्त काही सांगतो.

पण त्या नावातही अर्धेच सत्य आहे, तेही सांगितले पाहिजे. काही लोकांची नस २१ च्या आतल्या दाबानेही खराब होते. काहींचा दाब २४-२५ असून नस वर्षानुवर्षे ठणठणीत राहते. शिवाय दाब दिवसभर एकसारखा नसतो. म्हणून नुसता एकदा दाब मोजून ‘नॉर्मल’ म्हटले की सुटलो, असे नाही. नस डोळ्यांनी पाहावी लागते.

चोरपावलांचा रोग

मोतीबिंदूत भिंग धुरकट होते. माणसाला कळते, तो तक्रार करतो, शस्त्रक्रिया होते, नजर परत येते. काचबिंदूत यातले काही होत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचे स्पष्ट दिसत राहते. जाते ती मधल्या नजरेच्या आजूबाजूची नजर. एका डोळ्यातली उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेले मेंदू अंदाजाने रंगवतो. तक्त्यावरची अक्षरे वाचतो ती मधली नजर, आणि ती सर्वांत शेवटी जाते. आमच्या सॉर्टर मित्राला ओळ वाचता आली ती यामुळे, आणि खालचे खण चुकले तेही यामुळे. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. आजचा कोणताही उपचार गेलेली नजर आणून देत नाही. उरलेली राखतो.

हा रोग आपल्या देशात किती आहे? दक्षिण तमिळनाडूच्या ग्रामीण भागात मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने चाळिशीपुढच्या ५,१५० लोकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. शंभरांत दोन-तीन जणांना काचबिंदू आढळला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की कोन उघडा असलेल्या, म्हणजे आपण बोलतो आहोत त्या प्रकारच्या काचबिंदूच्या शंभरांतल्या नव्वदांहून अधिक रुग्णांना आपल्याला हा रोग आहे हे तपासणीपूर्वी माहीतच नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतात चाळिशीपुढचे सुमारे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूग्रस्त होते.

काचबिंदूचा आणखी एक प्रकार आपल्या देशात बऱ्यापैकी आढळतो. त्यात जाळी सुरुवातीला चांगली असते, पण वयाबरोबर जाड झालेले भिंग रंगीत पडद्याला पुढे ढकलते आणि पडदा मोरीच्या तोंडावरच बसतो. हे एकाएकी झाले तर डोळा भयंकर दुखतो, लाल होतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. अनेकदा माणूस पित्त समजून झोपून राहतो. असे झाले तर ड्यूटी, रजा काही न पाहता त्याच तासाला नेत्रतज्ज्ञ गाठा. काही तासांच्या दिरंगाईत डोळा जाऊ शकतो.

आपल्या कामात धोका कुठे

वय तर कोणाच्या हातात नाही. पण जाळीचे नुकसान लवकर करणाऱ्या दोन गोष्टी आपल्या कामाशी जोडलेल्या आहेत.

पहिली, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंब. खडीची धूळ, ब्रेकची भुकटी, थैल्यांची धूळ यांनी डोळे चुरचुरतात. दुकानदार एक बाटली देतो, दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश होतो आणि तीच बाटली वर्षभर चालवतो. अशा कित्येक बाटल्यांत स्टेरॉइड असते. ते योग्य आजारात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उत्तम औषध आहे. पण काही लोकांच्या निचऱ्याच्या जाळीत ते पदार्थ साचवते, वाट बुजवते आणि दाब चढवते. वयाने वीस वर्षांत व्हायचे ते काही आठवड्यांत होते. खिशात अशी बाटली असेल तर जेवणाच्या सुटीत तिच्यावरचे नाव डॉक्टरांना दाखवा.

दुसरी, डोळ्याला लागलेला मार. हातोड्याच्या घावाने उडालेली कपची, खडीचा दगड, सुटलेली पट्टी, पार्सलची दोरी. बुक्कीसारखा मार बसला की कोपऱ्यातली जाळी फाटू शकते. डोळा आठ दिवसांत बरा दिसतो, माणूस विसरतो, आणि दाब वाढतो तो काही वर्षांनी. तोवर मार कामावर लागला होता हे सिद्ध करायला कागद नसतो. म्हणून डोळ्याला लागलेला प्रत्येक मार, किरकोळ वाटला तरी, त्याच दिवशी लेखी नोंदवा आणि पुढे दरवर्षी दाब तपासा. सरफोजीराजांनी दप्तर ठेवले, आपणही ठेवू या.

याशिवाय आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. जाड उणे नंबरचा चष्मा आणि मधुमेह असणाऱ्यांनीही सावध राहावे. घरात एकाला निदान झाले, तर सगळ्या भावंडांना पत्र लिहा. टपाल खात्यातल्या माणसांना हे सांगायला नको!

उपाय आहेत

निदान वेळेवर झाले तर बहुतेकांची नजर जन्मभर टिकते. बहुधा थेंबांनी सुरुवात होते. काही थेंब नळ बारीक करतात, काही पाण्याची वाट मोकळी करतात. पण ते रोज, ठरल्या वेळी आणि जन्मभर घालावे लागतात. पाळी बदलणाऱ्या माणसाला हेच जड जाते. त्याने घड्याळाकडे न पाहता थेंबांची सांगड झोपण्याशी की उठण्याशी घालायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. काही औषधे थंड जागी ठेवावी लागतात, म्हणून इंजिनाच्या केबिनमध्ये तापत पडलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. दमा असेल तर तो आधी सांगावा, कारण काचबिंदूचे काही थेंब दमेकऱ्याला बाधतात. आणि डोळा बरा वाटतो म्हणून थेंब सोडू नयेत. डोळा आधीही बराच वाटत होता.

दुसरा उपाय लेसरचा. त्यात निचऱ्याच्या जाळीवरच प्रकाशाचे हलके ठोके देतात, आणि जाळीतल्या पेशी पुन्हा साफसफाईला लागतात असे मानतात. २०१९ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सुरुवातीलाच असा लेसर घेतलेल्या रुग्णांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. फिरतीची ड्यूटी असणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारावी. याने भागले नाही तर शस्त्रक्रियेने पाण्याला नवी वाट करून देता येते.

आता युनियनचे काम

सोलापूरच्या मित्राचा प्रश्न आता घेऊ.

रेल्वेत ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते. गाडी चालवणाऱ्यांची कसून होते, आणि ते योग्यच आहे. पण डोळ्यांच्या तपासणीत मुख्य भर असतो तो दूरची अक्षरे, जवळची अक्षरे आणि रंग ओळखण्यावर. काचबिंदू या तिन्ही परीक्षा बराच काळ पास होतो. टपालात अनेकांची नोकरीत शिरल्यानंतर पुन्हा डोळ्यांची पद्धतशीर तपासणीच होत नाही. ग्रामीण डाकसेवक, कंत्राटी सफाईवाले, पार्सलचे हमाल तर हिशेबातच नाहीत.

आणि याहून मोठी गोष्ट भीतीची. खरे बोलू या. आपला माणूस डोळ्यांची तक्रार लपवतो. तपासणीत दोष निघाला तर गाडीवरून काढतील, भत्ते जातील, घराचे हप्ते थकतील, ही ती भीती. आम्ही अशी माणसे पाहिली आहेत, ज्यांनी तक्ता पाठ केला होता. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण तक्ता पाठ करून नस वाचत नाही, आणि ज्याला कडेचा माणूस दिसत नाही त्याच्या हाती शेकडो प्रवासी देणे आपल्यापैकी कोणालाही मान्य होणार नाही. गाडीच्या सुरक्षिततेवर तडजोड नाही. मग तडजोड कामगाराच्या भाकरीवर व्हावी काय? तीही नाही.

यासाठी कायदा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या ४७ व्या कलमाने हा हक्क आपल्याला मिळाला होता. आता त्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याच्या कलम २० पोटकलम ४ प्रमाणे, नोकरीत असताना ज्याला दिव्यांगत्व येते त्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या दर्जावर आणता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि सेवालाभांच्या दुसऱ्या जागी घ्यायचे. जागा नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचे. काही आस्थापनांना अधिसूचनेने सूट देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे, म्हणून प्रत्येक प्रकरणात कागद नीट पाहावे लागतात. आणखी एक मुद्दा लक्षात ठेवा. या कायद्याच्या व्याख्येत केवळ अक्षरे न वाचता येणे एवढेच धरलेले नाही. नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी झाला तर तो अल्पदृष्टीत मोडतो आणि १० अंशांपेक्षा कमी झाला तर अंधत्वात. म्हणजे शेवटची ओळ वाचणाऱ्या आमच्या मित्रासारख्या माणसालाही कायदा ओळखतो. फक्त नजरेच्या घेराची तपासणी झालेली हवी आणि तिचा कागद हातात हवा.

तेव्हा प्रत्येक शाखेने पुढील कामे अंगावर घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.

१. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या नियमित तपासणीत डोळ्याचा दाब आणि बाहुली मोठी करून नसेची पाहणी यांचा समावेश व्हावा, आणि संशय आल्यास निचऱ्याचा कोपरा व नजरेचा घेर तपासला जावा, ही मागणी लेखी द्यावी.

२. ही तपासणी ग्रामीण डाकसेवकांना आणि कंत्राटी कामगारांना लागू व्हावी. डोळा कायमचा आणि नोकरी हंगामी, म्हणून धोका कमी होत नाही.

३. दोष निघालेल्या सहकाऱ्याला पहिल्या दिवसापासून संघटनेचा माणूस सोबत असावा. कलम २० ची प्रत शाखेच्या कपाटात नव्हे, फलकावर असावी.

४. डोळ्याच्या इजांची वही शाखेने ठेवावी.

५. निवृत्त सहकाऱ्यांना विसरू नये. रोगाचा जोर साठीनंतर वाढतो, आणि त्याच वेळी नियमित तपासणीचा धागा तुटतो. रेल्वेच्या निवृत्तांसाठी १९९७ पासून आरोग्य योजना आहे. तिचे सभासद असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांसाठी तिचा उपयोग करावा. पेन्शनच्या दिवशी पोस्टात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही एवढे एक वाक्य सांगावे, “काका, डोळ्याचा दाब तपासलात का?”

आमचे सॉर्टर मित्र आज घरी असतात. त्यांना समोर ठेवलेले पत्र वाचता येते, ताटाच्या कडेची वाटी मात्र चाचपावी लागते. इथे निघण्यापूर्वी त्यांना भेटलो, तेव्हा ते म्हणाले, “माझे सांगा त्यांना. नाव नका सांगू, पण सांगा.” तो निरोप आम्ही पोचवला.

कावेरीकाठचा शेतकरी पाणी यायच्या आधी चर साफ करतो. पूर आल्यावर फावडे घेऊन धावत नाही. आपल्या डोळ्यातल्या चराला आपल्याला फावडे लावता येणार नाही, पण तो वाहतो की तुंबला हे वेळेवर पाहता येईल. इथून गावी पोचाल त्या आठवड्यात, चाळिशीपुढच्या प्रत्येकाने आपली तपासणी करून घ्यावी आणि तारीख शाखेच्या वहीत लिहावी. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचण्याआधी आम्ही ती वही मागणार आहोत.